आईचा बंब आणि माझं शीतस्नान

थंड पाण्यानं स्नान करणाऱ्याच्या मनात असत्याला थारा उरत नाही. हे वाक्य माझं आहे. शाळेच्या पटांगणात झेंड्याच्या खांबाशेजारी उभं राहून, हात पाठीमागं बांधून मी ते म्हटलं, तेव्हा खुर्च्यांवर बसलेल्या पंचमंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांत माझे वडील, आबा, होते. मुलाचं कौतुक बापानं चारचौघांत करू नये अशी त्यांची समजूत असल्यामुळं त्यांनी टाळी वाजवली नाही. पण टोपी दोनदा काढून पुन्हा घातली. मी दहावीत होतो, सोळा वर्षांचा, आणि त्या दिवशी सकाळी माझं डोकं चांगल्या कडकडीत ऊन पाण्यानं धुतलेलं होतं.

आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठाला. थंडीत नदीवरचा गारठा उसाच्या पाल्यातून वाट काढत थेट घरात शिरे, आणि पहाटे पांघरुणाबाहेर राहिलेला पाय आपला वाटत नसे. घराच्या मागच्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीला लागून, आईचा बंब उभा असे. आईचा म्हणायचं कारण, तो तिला लग्नात माहेरून मिळाला होता आणि त्याच्या पोटावर तिच्या वडिलांचं नाव ठोकून घातलेलं होतं. घरात तिची म्हणावी अशी दुसरी वस्तू नव्हती. जमीन आबांची, म्हशी आबांच्या. दागिने तिचे, पण ते ठेवलेल्या पेटीची किल्ली आबांच्या करगोट्याला. बंब मात्र तिचा. तांब्याचा, कमरेइतका उंच, मधोमध निखाऱ्यांची नळी, तिच्याभोवती पाणी, वर ओतायचं तोंड आणि खाली तोटी. दर शनिवारी ती त्याला चिंच आणि राख लावून असा घाशी की आबा त्यात बघून मिशा कातरत. गल्लीत कुणी बाळंतीण झाली की पहिले दहा-बारा दिवस तिच्या आंघोळीचं पाणी आमच्याकडून जाई, आणि ते नेणाऱ्या बाईला आई बंबाच्या तोंडावरचं झाकण स्वतः काढून देई. देवळात पुजारी जसा तीर्थ देतो, साधारण त्या तोऱ्यात.

बंबाचा नियम एकच होता: जेवढं काढलं तेवढं वरून घालायचं. आत विस्तव आणि भोवती पाणी नाही असं झालं, की नळीचा डाग, म्हणजे कथलाचा जोड, सुटतो आणि पत्रा जळतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वरून पाणी ओतताना बंब घुमायचा. तो आवाज पडवीतून माजघरात आणि माजघरातून ओसरीपर्यंत जाई, आणि घरातल्या प्रत्येकाला अंथरुणात पडल्या पडल्या कळे की कुणीतरी काढलं, कुणीतरी घातलं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या आवाजात आहे.

त्या उन्हाळ्यात दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं आणि विमलवहिनी घरात आल्या. दादा साखर कारखान्यात होता. गळीत सुरू झालं की त्याच्या पाळ्या लागत, आणि तो घरात पाहुण्यासारखा येऊन, जेवून, झोपून जाई. वहिनी दौंडच्या. त्यांचे वडील तात्या रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे. त्यांच्या क्वार्टरात आंघोळीला पाणी तापवायची पद्धतच नव्हती. यार्डात उभ्या असलेल्या इंजिनाला बादली लावायची आणि उकळतं पाणी घरी आणायचं. सगळी वसाहत त्यावर न्हायची. ही गंमत वहिनींनी पहिल्याच आठवड्यात भाबडेपणानं सांगितली, आणि ती त्यांना फार महाग पडली. कालवण खारट झालं की आई म्हणायची, "इंजिनाच्या पाण्यावर वाढल्याली पोर." वहिनींच्या पोळ्या मऊसूत व्हायच्या, पण बाजरीच्या भाकरीला कडेनं चिरा जायच्या. आईच्या मते याचंही कारण इंजिनच. वहिनी ऐकून घ्यायच्या. तोंडातल्या तोंडात हसायच्याही, आणि ते आईला जास्त लागायचं.

नव्या सुनेकडं बंब आला. पहाटे उठायचं, गोवऱ्यांची खांडं आणि बाभळीच्या ढलप्या घालून तो पेटवायचा, काठोकाठ भरायचा आणि मग गोठ्यात धारांना जायचं. आई पहिले आठ दिवस मागं उभी राहून बघत होती. नवव्या दिवशी ती आली नाही, यावरून आम्ही समजलो की वहिनी पास झाल्या.

थंडी पडायला लागली तेव्हा आमच्या ड्रिलच्या मास्तरांनी वर्गात विचारलं की रोज थंड पाण्यानं आंघोळ कोण करतं. मास्तर छाती काढून चालत आणि थोर पुरुषांच्या सवयी पाठ म्हणून दाखवत. मी हात वर केला. का केला हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा दुसऱ्या कुणीच केला नाही म्हणून. मास्तरांनी मला पुढं बोलावलं, माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि वर्गाला सांगितलं की हे तेज बघा. मी काळासावळा, हडकुळा मुलगा होतो; तेज असलंच तर खोबरेल तेलाचं होतं. पण संध्याकाळी मास्तर घरी आले. आबांपुढं बसून चहा प्याले आणि म्हणाले, "आबा, पोरगं लपवून ठिवलंत तुम्ही." आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी रोज बंबाच्या पाण्यानं आंघोळ करतो हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण आबा स्वतः दिवस वर आल्यावर उठत आणि कोण कशानं आंघोळ करतं याची चौकशी करणं त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. ते म्हणाले, "हाय तसाच, पहिल्यापासनं." दुसऱ्या दिवशी ही बातमी सोसायटीच्या कट्ट्यावर होती आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत नदीपलीकडं गेली होती.

चार दिवस मी खरोखर थंड पाण्यानं आंघोळ केली. हौदात रात्रभर निवलेलं पाणी म्हणजे पाणी नव्हतंच, धार लावलेलं काहीतरी होतं. पहिला तांब्या पायावर, दुसरा गुडघ्यावर असं मी लाडीगोडीनं करत जाई, पण खांद्यापाशी आलं की श्वास छातीत अडके आणि तोंडातून जो आवाज निघे तो थोर पुरुषांच्या सवयींत बसणारा नव्हता. पाचव्या दिवशी मी बंबाकडं पाहिलं. वहिनी गोठ्यात होत्या, आई स्वयंपाकघरात चूल सारवत होती, आबा घोरत होते. मी तोटी सोडली आणि बादली भरून घेतली. वरून पाणी मात्र घातलं नाही, कारण बंब घुमला असता. वहिनी धारा काढून आल्या की कमी झालेलं पाणी भरतील, एवढा हिशेब माझ्या डोक्यात होता, आणि तो रोज बरोबर निघत गेला. न्हाणीतून मी थरथरल्यासारखं करत बाहेर येई. आई माझ्या अंगावर घोंगडी टाकी आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांची ऊन वाटी हातात देई. थंड पाण्याच्या पोराला पोटात ऊन पाहिजे, असं ती म्हणे. बाकीच्यांना शेंगोळ्या दुपारी मिळत.

असे दोन महिने गेले. मध्ये शाळेच्या संमेलनात झेंड्यापुढचं भाषण झालं. बंबातलं पाणी रोज बादलीभर कमी का होतं, असं वहिनींनी एकदा आईला विचारलं, तर आई म्हणाली, "तुझ्या बापाच्या इंजिनाला मोजत बस. हितं बंब हाय." मी ओसरीवर बसून पुस्तकात तोंड घातलं होतं. पुस्तक कोणतं होतं तेही आठवतं, पण सांगत नाही. त्याच्या लेखकाची काही चूक नव्हती.

मग तो दिवस आला. म्हैस व्यायला झाली होती आणि रेडकू आडवं आलं होतं. आई, वहिनी आणि शेजारचे एक म्हातारे मामा पहाटेपासून गोठ्यात अडकले होते. वहिनींनी बंब पेटवून, भरून ठेवला होता. मी नेहमीप्रमाणं बादली काढली. फार गार होतं. ती संपल्यावर अर्धी आणखी काढली, आणि कुणी येत नाही असं पाहून नंतर पुन्हा अर्धी. अंगाला साबण लावत मी मजेत बसलो होतो. तेवढ्यात पडवीत 'सुर्र' असा आवाज झाला, मग फट्ट झालं आणि जळक्या धातूचा वास आला. नळीचा डाग सुटून उरलंसुरलं पाणी विस्तवात गेलं होतं. त्या क्षणी मी काय केलं ते लिहायला मला हा सगळा प्रपंच करावा लागला आहे. मी बादलीतलं ऊन पाणी मोरीत ओतून दिलं, हौदातून गार पाणी घेतलं, दोन तांबे डोक्यावर घेतले आणि खरोखरचा कुडकुडत बाहेर आलो. त्या दोन महिन्यांतली ती पहिली प्रामाणिक थरथर.

आई गोठ्यातून पळत आली. हात कोपरापर्यंत भरलेले, तसेच. बंबाचं पोट एका बाजूनं काळंनिळं पडलं होतं, आणि ते नेमकं तिच्या वडिलांच्या नावावर. तिनं हात लावला आणि भाजला म्हणून काढून घेतला. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पानी घातलं व्हतंस?" आईनं विचारलं.

"घातलं व्हतं, आत्याबाई. काठापतुर."

"मग गेलं कुठं?"

घरात त्या वेळी चौघं होतो. आबा नुकते उठले होते. मी घोंगडी पांघरून उभा होतो, आणि माझ्याकडं कुणीही पाहिलं नाही, कारण ऊन पाण्याशी माझा काही संबंध नाही हे पाच गावांना माहीत होतं. फक्त वहिनींनी पाहिलं, तेही माझ्या तोंडाकडं नाही. त्या न्हाणीच्या दारात दोन पावलं आत जाऊन उभ्या राहिल्या, आणि मग बाहेर आल्या. मला वाटलं, बादली आणायला गेल्या असतील.

कल्हईवाल्यानं बंब उलटा करून पाहिला आणि सांगितलं की डाग धरायचा नाही, पत्राच गेलाय. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती वहिनींना शांतपणे म्हणाली, "तुमच्यात इस्तू सरकारचा आन् पानी बी सरकारचं. तुला काय कळावं. जा, चार दिस म्हायेरी ऱ्हाऊन ये." दादा पाळीवरून आला होता. तो भाकरी मोडत राहिला. वहिनी त्याच दुपारी गेल्या. चार दिवसांचे पंधरा झाले, मग महिना झाला. संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत. सुनेला काळी साडी, हलव्याचे दागिने, गल्लीतल्या बायकांची ये-जा. आईनं दौंडला साडी पाठवली नाही. वाण घेऊन ववसायला आलेल्या बायकांनी सून कुठं असं विचारलं नाही, आणि न विचारल्यामुळं सगळ्यांना सगळं कळलं. सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी फारकतीचा शब्द काढला, असं दादानं आईला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. शेंगोळ्याच होत्या.

या महिन्यात मला थंड पाण्याची सवय लागली. ती कशी लागली याबद्दल पुढं माझ्याविषयी बरंच छापून आलं, म्हणून खरं ते सांगून टाकतो. बंब नव्हता. आई चुलीवर एका पातेल्यात पाणी तापवायची, ते आबांना आणि दादाला पुरायचं, आणि मला कुणी विचारायचंच नाही. एका शब्दानं मागता आलं असतं; पण तो एक शब्द म्हणजे सगळीच गोष्ट. तेव्हा मी रोज पहाटे हौदापाशी जाई. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. मग कळलं की पायापासून सुरुवात करणं चुकीचं आहे. त्यानं शरीराला पळायला वेळ मिळतो. पहिला तांब्या सरळ डोक्यावर घ्यायचा, आणि ओतताना श्वास आत घ्यायचा नाही, सोडायचा. दुसरा लगेच. तिसऱ्याला कातडीखाली मुंग्या येतात आणि चौथ्याला खरंच ऊब वाटायला लागते, आपल्याच अंगाची. तीन आठवड्यांनी मला ती ऊब आवडू लागली. आपल्याला काहीतरी आवडतंय याची मला त्या महिन्यात जेवढी लाज वाटली, तेवढी खोटं बोलण्याचीही वाटली नव्हती.

संक्रांत उलटल्यावर आबांनी मला शेताच्या बांधावर बोलावलं आणि म्हणाले, "दौंडला जाऊन ये. तिचं कसं काय चाललंय बघ. आईला म्हण, पुस्तकं आणाया चाललो." होडीनं नदीपलीकडं, तिथून टांग्यानं केडगाव स्टेशन आणि मग पॅसेंजर, असा मी संध्याकाळी दौंडला पोचलो. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, भिंती काजळीनं राखाडी. रात्रभर यार्डात गाड्यांचे डबे एकमेकांवर आदळत होते आणि त्या आवाजात सगळी वसाहत गाढ झोपली होती. वहिनींनी पोळ्या वाढल्या, घरचं विचारलं, म्हशीच्या रेडकाचं विचारलं. बंबाचं विचारलं नाही.

सकाळी तात्या रात्रीची ड्यूटी करून आले ते हातात वाफाळती बादली घेऊनच. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. डोळ्यांच्या कडांत कोळसा कायमचा बसलेला. "पाव्हनं, आंगूळ करून घ्या. इंजिनाचं हाय, आत्ता काढलंय," ते म्हणाले. पाण्याला तेलकट, लोखंडी वास होता. महिन्याभरात मी ऊन पाणी पाहिलं नव्हतं. आणि तोंडातून गेलं, "मी थंड पाण्यानं करतो."

वहिनी चुलीपाशी होत्या. मागं न वळता म्हणाल्या, "तात्या, त्यांना भाईरच्या नळावर न्या. ऊन पान्याला शिवत न्हाईत ते. लई कीर्ती हाय त्यांची."

वसाहतीच्या मधोमध सार्वजनिक नळ होता. ड्यूटीवरून येणारे-जाणारे, पाणी भरायला आलेल्या बायका, सगळ्यांदेखत मी आंघोळ केली आणि तात्या माझा टॉवेल धरून उभे राहिले. कुणीतरी हिंदीत म्हणालं, लडका पहलवान है. तात्या म्हणाले, "आमच्या विमलचा दीर." अंग पुसून झाल्यावर ते मला बाजूला, कोळशाच्या ढिगाआड घेऊन गेले. मला वाटलं, विडी ओढायला आले असतील. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

"पोरगी चुकली," ते म्हणाले. "मी वीस वर्सं इंजिनावर काढली. बॉयलर कोरडा पडला म्हंजी काय व्हतं मला ठावं हाय. तिला म्या ल्हानपणापासनं शिकिवलंय, इस्तवाकडं बघू नगं, पान्याकडं बघ. तरी चुकली. कशी चुकली मला कळत न्हाई. तुम्ही आबांच्या कानावर घाला. तुमचा शब्द घरात चालतो म्हनत्यात."

पाण्यावर नजर ठेवणं हेच ज्याचं जन्माचं काम, त्याची मुलगी बंब कोरडा पाडेल, हे आमच्या घरात एकालाही अशक्य वाटलं नव्हतं. मला तर कारण माहीत होतं. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा होता आणि मी ओल्या केसांनी त्याच्यासमोर ताठ उभा होतो. मी म्हणालो, "बघतो." हा शब्द मी आबांकडून शिकलो होतो. सोसायटीत कुणी काही मागायला आलं की ते तो वापरत.

तात्या झोपल्यावर वहिनींनी मला चहा आणि बटर दिलं. बटर चहात बुडवून मऊ व्हायची वाट बघत मी खाली मान घालून बसलो होतो. त्या समोर तांदूळ निवडत होत्या.

"मला पह्यल्या आठवड्यातच कळलं व्हतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी न्हाणी धुवायला जायची, तर फरशी ऊन लागायची पायाला. थंड पान्यानं फरशी तापती का?"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"कुनाला? सा-सात म्हयन्यांची सून सांगनार, का गावात भाषण केल्याला ल्योक? आत्याबाई म्हनल्या आस्त्या, आपलं खापर धाकट्यावर फोडती." एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "मी येते म्हनलं तर येईन. पर असं न्हाई. तुम्ही आधी आत्याबाईंस्नी सांगा. त्यांच्यासमोर. माझ्या बापाला रातची झोप लागंना. त्याला वाटतं, त्यानं शिकिवलं ते वाया गेलं."

मी सांगतो म्हणालो. शपथही घेतली, त्या नको म्हणत असताना घेतली.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर लसूण सोलत होती. वाटभर मी वाक्य जुळवून आणलं होतं. 'आई, बंब वहिनींनी जाळला नाही,' एवढंच. मी म्हणालो, "आई, बंब..." तिनं नुसतं वर पाहिलं. बंब हा शब्द त्या घरात महिनाभर कुणी उच्चारला नव्हता. तिच्या त्या बघण्यानं माझं वाक्य जागच्या जागी फिरलं, आणि मी म्हणालो, "बंबाबद्दल तात्यांनी हात जोडले."

"कुनाला?"

"मला."

आईनं लसूण खाली ठेवला. मग पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "बापानं हात जोडलं. आता आनि काय पायजे." माझं उरलेलं वाक्य मी गिळलं. ते गिळणं फार सोपं गेलं, हेही लिहिलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी दादा दौंडला गेला आणि वहिनींना घेऊन आला.

आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्या मनानं म्हणाली, "झालं ते झालं. मानसाकडून चूक व्हती."

वहिनींनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी तिथं उभा आहे, आणि तरी आई हे बोलते आहे, यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं. त्या वाकल्या, आईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "व्हय, आत्याबाई. व्हती."

मला माफी मिळाली असती तर मी ती विसरून गेलो असतो. माझ्या गुन्ह्याची माफी वहिनींना मिळाली, आणि ती त्यांना जन्मभर वापरावी लागली. पुढं घरात काहीही जळलं, करपलं, उतू गेलं की आई म्हणायची, एकदा माफ केलंय म्हणून काय सारखं. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीच्या दारावर टकटक झाली. "भाऊजी, पानी भरून ठिवलंय," वहिनी म्हणाल्या. "हौदाचं." आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. थंड पाण्याचा माणूस भराभर ओततो आणि ऊन पाण्याचा थांबून थांबून, हे ऐकून सांगता येतं. त्या ऐकत होत्या. माझं शिक्षण संपून मी नोकरीला शिरूरला जाईपर्यंत त्यांनी एक सकाळ चुकवली नाही. भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. तात्यांना त्यांनी खरं सांगितलं की नाही ते मी कधी विचारलं नाही. ते वारले तेव्हा मी दौंडला गेलो होतो, खांदाही दिला.

नंतर शिरूरच्या घरी गिझर आला, मुलांनी सोलर बसवलं. मी थंडच घेत राहिलो. लोकांनी याला व्रत म्हटलं. मी व्रत म्हणू दिलं. गेल्या वर्षी सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या एका मंडळानं माझा सत्कार ठरवला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, फोटोवर संगणकानं टाकलेले पाण्याचे थेंब आणि खाली 'शीतस्नानतपस्वी'. वहिनींचा मुलगा कुरकुंभला कंपनीत आहे. त्याची सुट्टी होती म्हणून तो त्यांना गाडीत घालून घेऊन आला. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधून. अध्यक्ष म्हणाले की अशी माणसं होती म्हणून हा तालुका उभा आहे. मग शाल, मग श्रीफळ, मग मी माइकपुढं गेलो आणि सगळं सांगितलं. बंब, रोजची बादली, त्या दिवशीच्या दोन बादल्या, फरशी, तात्यांचे हात. वहिनींचं नाव घेऊन सांगितलं. माझा आवाज दोनदा गेला. शेवटी अध्यक्ष उठले, त्यांनी मला मिठी मारली आणि माइकवर म्हणाले, "बघा. एवढा मोठा माणूस, आणि विनय बघा." प्रचंड टाळ्या पडल्या. त्या झेंड्यापुढच्या टाळ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

वहिनींना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. माझ्या हातात शाल, मानपत्र, पुष्पगुच्छ असं सगळं होतं म्हणून फोटोच्या वेळेपासूनच नारळ त्यांनी धरला होता. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "आत्याबाईंसमोर सांगायचं ठरलं व्हतं, भाऊजी." मी म्हणालो, हो. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. "आता माइक काय कामाचा," त्या म्हणाल्या, आणि मुलाला गाडी चालू करायला सांगितलं.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. थंड पाण्याच्या आंघोळीनं रोगप्रतिकारशक्ती कशी वाढते यावर मी मार्गदर्शन केलं, असं तिच्यात म्हटलं आहे. सोबत फोटो आहे. त्यात अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, खजिनदार आणि मी असे पाच जण आहोत. वहिनींचा कोपरापर्यंतचा हात आला आहे, नारळ धरलेला.